नऊ नंबरचा सातवा

माणूस माशापुढे किती वेळ उभा राहतो, यावरून त्याच्याबद्दल बरंच काही कळतं. नवी जोडपी प्रत्येक टाकीपुढे सारखाच वेळ थांबतात, कारण ती मासे बघतच नसतात. कुटुंबकबिला घेऊन आलेले गृहस्थ पहिल्या तीन पाट्या मोठ्याने वाचून दाखवतात, चौथीपासून मनात वाचतात आणि सहावीपासून बसायला जागा शोधतात. साठीच्या पुढच्या बायका काचेला नाक लावून बघतात आणि ‘एवढं काही नाही’ म्हणत दुसरी फेरी मारतात. हे मी अंदाजाने सांगत नाही. माझ्याकडे नोंद आहे.

तसा मी मत्स्यालयाच्या तिकीट खिडकीवर असतो. पण दुपारी बारा ते दोन खिडकीकडे चिटपाखरू फिरकत नाही. आमच्या संचालक मॅडमना रिकामा माणूस बघवत नाही, म्हणून त्यांनी मला एक स्टॉपवॉच आणि एक जाडजूड वही देऊन आत पिटाळलं. कोणत्या टाकीपुढे कोण किती सेकंद थांबतं, ते लिहायचं. या वहीला आम्ही ‘थांबवही’ म्हणतो. दोन वर्षांत तिची एकशे ऐंशी पानं भरली.

टाक्यांची देखभाल माझ्या मेहुण्याकडे. बायकोचा हा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस उडाले, तरी घरात तो अजून ‘धाकटा’च, आणि आता कामावरही सगळे त्याला तसंच म्हणतात. रोज सकाळी दारं उघडण्याआधी हा टाक्यांच्या मागच्या बाजूने शिडीवर चढतो, वरून डोकावतो आणि माशांची हजेरी घेतो. एकेका माशाची. त्याची वही वेगळी; तिचं नाव ‘हजेरी’.

दोन्ही वह्या एकाच टेबलाच्या एकाच खणात असतात, पण मी त्याच्या वहीला हात लावत नाही आणि तो माझ्या. त्याला कारण आहे. आठ वर्षांपूर्वी मी त्याच्या एका बेरजेवर लाल पेन चालवलं होतं. बेरीज चुकलेलीच होती. धाकटा अकरा दिवस माझ्याशी बोलला नाही. समोरासमोर जेवायला बसायचो आणि ‘ताई, दाजींना म्हणावं मीठ इकडे सरकवा’ असा कारभार चालायचा. शेवटी बायकोने निकाल दिला, ज्याने त्याने आपापली वही बघावी. तेव्हापासून घरात आणि कामावर शांतता आहे.

हीच शांतता आम्हाला नडली.

झालं असं की एका सोमवारी मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. नवे जेलीफिश येणार होते. आमचा पंप चौदा टाक्यांचं पाणी खेळवतो, पंधरावी त्याला झेपत नाही. म्हणजे एक टाकी जाणार.

“कोणती, ते मी ठरवणार नाही. वही ठरवेल,” मॅडम म्हणाल्या आणि माझी थांबवही त्यांनी उघडली. “नऊ नंबर. सरासरी चार सेकंद. त्यातले दोन पाटी वाचण्यात जातात.”

नऊ नंबर म्हणजे लेप्यांची टाकी. लेपा हा चपटा मासा. दोन्ही डोळे एकाच अंगाला, वरून वाळूच्या रंगाचा, खालून पांढराफेक. दिवसभर वाळूत अंग पुरून नुसते डोळे वर काढून बसतो. लोक येतात, म्हणतात, “ही रिकामी दिसतेय,” आणि पुढच्या टाकीतल्या रंगीत माशांकडे धावतात.

“मॅडम, त्यांना बघायला थोडा दम लागतो,” धाकटा म्हणाला.

“लोकांकडे तेवढा नाही, असं तुमच्या दाजींची वही सांगते.”

धाकट्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू ते चार सेकंद मी घरून शिजवून आणले होते.

“शनिवारी तीन वाजता सहामाही मोजणी आहेच,” मॅडम पुढे म्हणाल्या. “या वेळी मी स्वतः मोजणार. नऊ नंबरचे सात लेपे दुसऱ्या मत्स्यालयाला देऊन टाकू. आणि तुम्ही काळजी करू नका, तुम्हाला पंपघरात घेऊ. तिथे माणूस हवाच आहे.”

पंपघर म्हणजे तळघरातली एक खोली. चार भिंती, दोन मोटारी आणि एक घुर्र आवाज. तिथे मासा सोडा, माशाचं चित्रसुद्धा नाही. ज्या माणसाने सत्तावीस वर्षं रोज सकाळी माशांना नावानिशी हाक मारली, त्याला तिथे बसवणं म्हणजे शिक्षाच.

दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. तिघं म्हणजे मी, धाकटा आणि माझी बायको. ती दाराजवळच्या खोलीत लोकांचं सामान सांभाळते. पिशवी हातात घेतली की माणूस कुठून आला, किती दिवस राहणार आणि बायकोशी भांडून आलाय का, एवढं तिला कळतं. भावाच्या चेहऱ्यावरून तर तिने डबा उघडायच्या आधीच ओळखलं.

“टाकीचं ऐकलं मी. पण तुझं तोंड टाकी गेल्यासारखं नाही, काहीतरी चोरल्यासारखं दिसतंय. बोल.”

धाकट्याने पोळीचे बारीक बारीक तुकडे केले. “ताई, नऊ नंबरमध्ये सात आहेत. पण मला दिसतात सहा.”

“कधीपासून?”

“झाले दोन महिने.”

“आणि हजेरीत काय लिहितोस?”

“सात.”

माझा घास हातातच राहिला. “अरे, खोटी हजेरी?”

“खोटी नाही हं, दाजी. दिसला नाही त्या दिवशी आकड्याशेजारी टिंब देतो. तो आहे. दिसत नाही, एवढंच. मेला असता तर तरंगला असता. बाहेर उडी मारली असती तर फरशीवर सापडला असता. आणि सातांचं खाणं टाकतो, ते सकाळपर्यंत सगळं संपलेलं असतं.”

“सहाजण मिळून सातांचं खातात. आपल्या घरी तिघंजण पाचांचं खातात की नाही?”

“तुम्ही नका बोलू खाण्याबद्दल,” बायको म्हणाली. “वाळू उकरून बघितलीस?”

“ताई, सगळी वाळू उकरली तर ते घाबरून आठ आठ दिवस खात नाहीत. बांबूने हळूच चाचपली. सहा उठले.”

आता मामला असा होता. शनिवारी मॅडम मोजणार, सहा भरणार, आणि वहीत दोन महिने सात. मग नुसती टाकी जाणार नाही, धाकट्याची अब्रूही जाणार. सत्तावीस वर्षांत त्याचा एक मासा कधी हिशेबाबाहेर गेला नव्हता. मेलेले मासेसुद्धा त्याने तारीख घालून लिहिलेले.

बायकोने डब्याचं झाकण लावलं. “तू एकटा शोधतोयस. रोज आत दोनतीनशे माणसं येतात, ती कशाला आहेत? त्यांना लाव कामाला.”

तिच्याच सांगण्यावरून धाकट्याने एक पुठ्ठा घेतला, त्यावर जाड अक्षरांत लिहिलं, ‘या टाकीत सात लेपे आहेत. सातही दिसले, तर तिकीट खिडकीवर येऊन सांगा’ आणि तो टाकीच्या वर सुतळीने टांगला.

मंगळवारी दुपारी मी स्टॉपवॉच घेऊन नऊ नंबरपाशी उभा राहिलो आणि थांबवहीची रयाच गेली. चार सेकंदांचे रकाने आखलेले, आणि एकेक माणूस तीन तीन मिनिटं हलेना! जो माणूस शार्कच्या पिल्लाकडे न बघता पुढे गेला, तो इथे गुडघे टेकून, एक डोळा मिटून, ‘पाच... पाचच आहेत... नाही, तो डोळा आहे का?’ करत बसलेला. एक सासरे आणि जावई आले. दोघांचं फाटलेलं, हे दाराशीच दिसत होतं. सासरे पुढे, जावई दहा पावलं मागे. नऊ नंबरपाशी जावयाला सहावा दिसला. सासऱ्यांना दिसेना. “अहो, इकडे या, माझ्या बोटाच्या रेषेत बघा,” जावई म्हणाला. जाताना दोघं एकाच छत्रीतून गेले. वेळ, नऊ मिनिटं वीस सेकंद.

ताप झाला तो माझ्या खिडकीला. “सात सापडले!” म्हणत लोक यायचे. मी विचारायचो, सातवा कुठे? कुणाचा सातवा म्हणजे दगड, कुणाचा शिंपला. एका विमा एजंटाला आठ दिसले आणि तो आठावर ठाम राहिला. मी म्हटलं, “साहेब, सातच आहेत.” तो म्हणाला, “तुमच्याकडे नोंद नसेल.” ही भीती मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी घातली.

शुक्रवारपर्यंत पाच लोकांना पाच वेगवेगळ्या ठिकाणी सातवा दिसला होता आणि पाचही ठिकाणी तो नव्हता. मी धाकट्याला म्हटलं, “सातवा खरंच नसला, तर आपण अख्ख्या गावाला गुडघ्यावर बसवतोय.”

“आहे तो, दाजी,” तो म्हणाला. पण या वेळी जरा हळू.

शनिवारी अकरा वाजता ते जोडपं आलं. काकूंच्या खांद्याला छोटी पिशवी आणि हातात फुगलेली वही. काकांच्या एका हातात घडीचं स्टूल आणि चेहऱ्यावर, फार मोठ्या प्रवासात फार लहान खुर्च्यांवर बसलेल्या माणसाचा भाव. बायकोने पिशवी ठेवून घेतली आणि मला खूण केली, म्हणजे माणसं लक्ष ठेवण्यासारखी आहेत.

“हे तेविसावं,” काका तिकीट घेताना मला म्हणाले. “लोक गाव बदललं की देवळं बघतात, बाजार बघतात. आमच्याकडे मत्स्यालय. समुद्राच्या गावाला जातो, तर समुद्र सोडून हिला टाकीतला मासा बघायचा असतो.”

“समुद्रात मासा दिसतो का तुम्हाला?” काकू म्हणाल्या. “मग?”

काकू बत्तीस वर्षं एका वाचनालयात ग्रंथपाल होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावोगावची मत्स्यालयं बघून वहीत प्रत्येकाबद्दल एक ओळ लिहायला सुरुवात केली. एकच ओळ, जास्त नाही. त्यांच्या ओळखीची चाळीसेक निवृत्त मंडळी प्रवासाला निघण्याआधी ती वही मागून नेतात. ‘मासे बरे, पण शेवाळ दाट.’ ‘कासव बघा आणि घरी जा.’ ‘जिना फार.’ असं त्यात लिहिलेलं मी पुढे वाचलं.

साडेबाराला मी आत गेलो तेव्हा काका नऊ नंबरपुढे स्टूल टाकून बसले होते आणि काकू टाकीच्या डाव्या बाजूने, उजव्या बाजूने, एकदा तर खालून वाकून बघत होत्या. मी स्टॉपवॉच दाबलं. काकूंनी ते पाहिलं.

“काय मोजताय?”

“तुम्हाला.”

“किती झाले?”

“मी आल्यापासून सहा मिनिटं.”

“त्याआधी पंचवीस,” काका म्हणाले. “लिहा. मला साक्षीदार पाहिजे.”

काकूंनी माझ्याकडे वळून चष्मा पुसला. “सहा आहेत. सातवा नाही. पाटी लिहिणाऱ्याला बोलवा.”

धाकटा आला. हात पुसत, मान खाली घालून. काकूंनी त्याला चोरासारखं उभं केलं नाही, वाचनालयातलं पुस्तक हरवलेल्या मुलाशी बोलावं तसं विचारलं, “सातवा तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?”

“दोनएक महिने झाले.”

“दोनएक म्हणजे? तारीख?”

“हजेरीत असेल. पहिलं टिंब ज्या दिवशी आहे, त्याच्या आदल्या दिवशी.”

“आणा ती वही. आणि इथे काय काय बदललं, याची नोंद कोण ठेवतं?”

“बदलाची अशी नाही,” मी म्हटलं. “माझी थांबवही आहे. त्यात शेरे असतात.”

“तीही आणा.”

दोन वर्षांत पहिल्यांदा दोन्ही वह्या एकाच वेळी उघडल्या गेल्या, त्याही काकांच्या मांडीवर. काकूंनी धाकट्याच्या वहीत बोट फिरवत फिरवत मागे नेलं. टिंब, टिंब, टिंब. पहिलं टिंब सतरा तारखेचं. मग माझी वही उघडली आणि सोळा तारखेचा शेरा मोठ्याने वाचला.

“‘आज सायंकाळी सर्व टाक्यांच्या जुन्या पाट्या काढून नव्या पाट्या काचेवर खालच्या कोपऱ्यात लावल्या, लहान मुलांना वाचता याव्यात म्हणून. उद्यापासून थांबण्यात दोन सेकंद वाढ अपेक्षित.’ अक्षर छान आहे तुमचं.”

काका एकदा माझ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत म्हणाले, “तुम्ही दोघं एकाच कचेरीत बसता?”

“एकाच टेबलावर,” मागून आवाज आला. माझी बायको केव्हा येऊन उभी राहिली होती, कळलं नाही. “आणि एकाच घरात जेवतात.”

“बत्तीस वर्षं मोजण्या केल्या मी,” काकू उठत म्हणाल्या. “गहाळ पुस्तक गावाबाहेर कधी सापडलं नाही. एकदा तर ‘शांतता राखा’ या फलकामागे सापडलं.”

नव्या पाट्या चांगल्या दीड फूट रुंद, जाड प्लास्टिकच्या, चार रबरी वाट्यांनी काचेला चिकटवलेल्या. नऊ नंबरची पाटी डाव्या कोपऱ्यात, वाळूच्या जरा वर. वरून बघावं तर दिव्याची चौकट आड येते. धाकटा शिडीवरून कितीही वाकला तरी समोरच्या काचेचा तो कोपरा त्याला दिसणं शक्य नाही. समोरून बघावं तर पाटी. काकूंनी पाटीच्या कडेला बोटं घातली आणि ओढली. पॉक, पॉक, पॉक, पॉक.

पाटीमागे, काचेला पोट लावून, घडी घातलेल्या रुमालासारखा पांढराशुभ्र, सातवा चिकटलेला होता.

तोवर आजूबाजूला वीसपंचवीस माणसं जमली होती. जो काही गलका झाला! काका स्टुलावर उभे राहिले. धाकटा काचेजवळ गेला, पाटीच्या जागी तळहात टेकवला आणि म्हणाला, “सावली मिळाली होय रे तुला? दोन महिने सावलीत बसलास आणि मला उन्हात बसवलंस.” मग नाक ओढलं आणि सर्दी झाल्यासारखं दाखवलं.

“ही पाटी कुणी काढली?” मॅडम हातात मोजणीचे कागद घेऊन उभ्या होत्या. गलका ऐकून त्या तीनच्या आधीच खाली आल्या.

“मी,” काकू म्हणाल्या. “तुम्ही कोण?”

“मी इथली संचालक.”

“मग वेळेवर आलात. मोजा.”

मॅडमना असं कुणी सांगितल्याचं माझ्या आठवणीत नाही. पण त्या वाकल्या आणि मोजू लागल्या. लोक श्वास रोखून बघत होते, आणि चारपासून पुढे सगळे त्यांच्याबरोबर मोठ्याने मोजू लागले. चार! पाच! सहा! सातवा काचेवर होता, तो सगळ्यांनी एका आवाजात मोजला. मॅडमनी कागदावर सात लिहिलं. त्याच क्षणी सातव्याला उजेड सोसेना. तो काचेवरून घसरला, वाळूवर उतरला, अंग एकदा थरथरवलं, जराशी वाळू उडाली आणि दिसेनासा झाला.

“आता सहा,” काका स्टुलावरून म्हणाले.

“सात,” धाकटा म्हणाला.

मॅडमनी कागदाकडे पाहिलं, वाळूकडे पाहिलं आणि माझ्यापुढे हात केला. थांबवही. काकांनी काखेत धरलेली वही मी काढून दिली. मंगळवारपासूनची पानं त्यांनी उलटली.

“तीन मिनिटं दहा सेकंद सरासरी?” त्या म्हणाल्या. “नऊ नंबरची?”

“आजचं अजून मिळवायचं आहे. यांची एकतीस मिनिटं आहेत.”

“सदतीस,” काका म्हणाले.

मॅडमनी सरासरीच्या रकान्यावरून बोट हळूहळू खाली नेलं. त्या काय बघत होत्या, हे मला माहीत होतं, कारण बेरीज माझीच होती. नऊ नंबर वर गेला की सगळ्यांत खाली येतो दोन नंबर. सरासरी सहा सेकंद. दोन नंबर म्हणजे ‘बुडालेलं जहाज’. मॅडमनी आल्या आल्या हौसेने करून घेतलेलं. शिड, डोलकाठी, खजिन्याची पेटी, बुडबुडे, सगळं आहे. मासे तेवढे चार, तेही जहाजाच्या मागे.

मी छताकडे बघू लागलो. धाकटा टाकीकडे. माझी बायको मात्र सरळ मॅडमकडेच बघत होती, तिला संकोच असा कधी नसतो.

“वही ठरवेल, असं मी म्हटलं होतं,” मॅडम शेवटी म्हणाल्या आणि वही मिटली. “दोन नंबर रिकामी करा.” चार पावलं गेल्या आणि वळल्या. “ते जहाज टाकू नका. माझ्या खोलीत ठेवा.”

त्या दिवसापासून मॅडमबद्दल माझं मत दोन अंकांनी वर गेलं आहे.

काकू निघाल्या तेव्हा पाटीचा प्रश्न उरला होता. धाकट्याला ती परत तिथेच हवी होती. “त्याला सावली आवडते, काकू. दोन महिने सुखात होता तो.”

“लावा की. आणि सातवा कुठे आहे, हे कुणाला सांगू नका,” काकूंनी बजावलं आणि खिडकीपाशी उभं राहून आमची ओळ लिहिली. मी उलटं वाचण्यात पटाईत आहे. ‘नऊ नंबरसाठी अर्धा दिवस राखून ठेवा. स्टूल न्या.’ काकांनी ते वाचलं आणि उसासा सोडला. पण जाताना आपण होऊन आत जाऊन त्यांनी आणखी एकदा मोजून पाहिलं. चार मिनिटं पाच सेकंद.

सोमवारी सकाळी मी खण उघडला तर थांबवहीवर हजेरी ठेवलेली, तीही उघडून. धाकटा समोर बसून पेन्सिलीला टोक करत होता.

“दाजी, जरा बघता का? बेरजेत काही चुकलं असेल तर.”

मी बघितलं. नऊ नंबरपुढे सात, आणि शेजारी टिंब.

“दिसला नाही?”

“पाटी परत लावली ना,” तो म्हणाला. “कसा दिसेल?”

मी त्या टिंबाशेजारी सही केली. काळ्या पेनाने. मग त्याची बेरीज तपासली. सात नंबरच्या टाकीतला एक मासा जास्त धरला होता त्याने, पण ते मी त्याला बायकोकरवी कळवलं.